नाव एकाचे, कष्ट दुसऱ्याचे : अमेरिकेच्या उन्हाळी बागेतील इतिहास

१/२१
आपल्याकडे श्रावणसरी कोसळत असतात, तेव्हा अमेरिकेच्या पूर्व भागात भर उन्हाळा असतो. जुलै-ऑगस्टच्या त्या दिवसांत तेथील घरगुती बागेत लालभडक मोनार्डा फुललेली असते, कुंपणाशी फिक्या गुलाबी मिल्कवीडचे झुबके असतात, भाजीच्या वाफ्यात भोपळ्याची पिवळी फुले पहाटे उमलून दुपारपूर्वी मिटतात. त्यांवर मधमाश्या, भुंगे, फुलपाखरे आणि इवलेसे गुंजनपक्षी यांची दिवसभर ये-जा चालते. आजच्या थ्रेडमध्ये अशाच एका बागेतून आपण फिरणार आहोत. प्रत्येक फुलापाशी थांबून एकच प्रश्न विचारायचा आहे : याला नाव कोणाचे लागले, आणि याच्यासाठी कष्ट कोणी केले?

२/२१
सुरुवात मोनार्डापासून करू. ही वनस्पती उत्तर अमेरिकेची, पण तिचे नाव स्पेनमधल्या एका वैद्याचे आहे. सेव्हिल शहरात राहणारे निकोलस मोनार्देस सोळाव्या शतकात 'नव्या जगा'तून जहाजांनी येणाऱ्या औषधी वनस्पतींचा अभ्यास करीत. त्यांवर त्यांनी ग्रंथ लिहिला आणि तो युरोपभर वाचला गेला. हे गृहस्थ स्वतः मात्र अमेरिकेस कधीही गेले नाहीत. जे काही पाहिले ते सेव्हिलच्या बंदरात आणि आपल्या बागेत. पुढे १७५३ मध्ये लिनियसने या फुलांच्या कुळाला 'मोनार्डा' हे नाव देऊन त्यांचा गौरव केला.

३/२१
ज्यांना ही वनस्पती खरोखर ठाऊक होती ते लोक ऑन्टारिओ सरोवराच्या काठी राहत होते. होडेनोशोनी, म्हणजे ज्यांना युरोपीय लोक इरोक्वा म्हणत, त्या राष्ट्रसंघाच्या प्रदेशात ऑस्वेगो नावाचे ठाणे होते. त्या भागात या झाडाची सुवासिक पाने उकळून पेय करण्याची रीत होती. १७४३ मध्ये फिलाडेल्फियाचे वनस्पतिसंग्राहक जॉन बार्ट्रम तेथवर प्रवास करून गेले. त्या दशकात त्यांनी लंडनमधील आपले मित्र, कापडाचे व्यापारी पीटर कॉलिन्सन यांना या झाडाचे बी धाडले आणि इंग्लंडच्या बागांत ते फुलू लागले. 'ऑस्वेगो चहा' या लोकप्रचलित नावात मूळ ठिकाणाची आठवण तेवढी शिल्लक राहिली.

४/२१
या पानांना एका मोठ्या राजकीय घटनेने महत्त्व आणून दिले. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकण्यात आल्या. चहा चीनचा होता आणि त्यावरील कर ब्रिटिश पार्लमेंटचा. त्यानंतर चहा पिणे हा वसाहतींतील अनेकांच्या दृष्टीने अभिमानाला बाधा आणणारा प्रश्न बनला. मग घरोघरी परसातली पाने उकळली जाऊ लागली : ऑस्वेगो चहा, रासबेरीची पाने, न्यू जर्सी टी नावाच्या झुडुपाची पाने. अशा पर्यायांना 'स्वातंत्र्याचा चहा' म्हणत. पाने खुडणे, वाळवणे, त्याची चव घरातल्यांच्या जिभेवर बसवणे हे काम मुख्यतः स्त्रियांचे होते. इतिहासाच्या पुस्तकात पेट्या फेकणारे आले, पाने वाळवणाऱ्या फारशा आल्या नाहीत.

५/२१
येथे मराठी वाचकाला एक समांतर रेषा दिसावी. कर्जात रुतलेल्या याच कंपनीला सावरण्यासाठी आणि तिच्यावर अंकुश ठेवण्यासाठी पार्लमेंटने १७७३ मध्ये दोन कायदे केले. एक चहाचा, ज्याने बोस्टन पेटले. दुसरा रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट, ज्याने हिंदुस्थानातील कारभार बदलला. त्याच वर्षी ३० ऑगस्टला पुण्यात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पेशवेपदासाठी रघुनाथराव कंपनीच्या आश्रयाला गेले आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत लेक्झिंग्टनला पहिल्या गोळ्या झडल्या. पहिले इंग्रज-मराठा युद्ध आणि अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध अशा रीतीने जवळजवळ एकाच वेळी सुरू झाले.

६/२१
आता पुन्हा फुलाकडे. मोनार्डाच्या लाल, लांब नळीतला मकरंद मधमाशीच्या आखूड सोंडेच्या आवाक्यात सहसा येत नाही, आणि निव्वळ लाल रंग तिला नीट दिसतही नाही. हे फूल गुंजनपक्ष्याचे आहे. पूर्व अमेरिकेत उन्हाळ्याला येणारा लालकंठी गुंजनपक्षी वजनाने सुमारे ३ ग्रॅम भरतो. हवेत एका जागी तरंगत तो नळीत चोच घालतो आणि कपाळावर पराग घेऊन पुढच्या फुलाकडे जातो. गुंजनपक्षी फक्त अमेरिका खंडांतच आढळतात. आपल्याकडे जास्वंदीवर येणारा शिंजीर तसेच काम करतो, पण त्याचे कुळ वेगळे. सारख्याच फुलांनी दोन निराळ्या पक्ष्यांना एकाच कामाला लावले आहे.

७/२१
ज्या बार्ट्रम यांनी बी धाडले त्यांची बाग आजही फिलाडेल्फियात स्कूलकिल नदीच्या काठी उभी आहे. १७२८ मध्ये या शेतकऱ्याने ती जागा घेतली. पुढे इंग्लंडमधील हौशी जमीनदारांना अमेरिकन झाडांच्या बियांनी भरलेल्या पेट्या पाच गिनी दराने तो पाठवू लागला. १७६५ मध्ये तिसऱ्या जॉर्ज राजाने त्याला वर्षाला ५० पौंड देऊन राजाचा वनस्पतिज्ञ नेमले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जॉन आणि त्याचा मुलगा विल्यम यांना जॉर्जियात ऑल्टामाहा नदीच्या काठी एक अनोळखी झाड दिसले.

८/२१
विल्यम पुढच्या दशकात तेथे परत गेला, तेव्हा त्याला ते फुललेले सापडले : मोठी पांढरी फुले, मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा गुच्छ. दोन-तीन एकर जागेपलीकडे ते झाड त्याला कोठेही आढळले नाही. त्याने बी फिलाडेल्फियाला आणले, रोपे वाढवली आणि घराण्याचे स्नेही बेंजामिन फ्रँकलिन यांच्या सन्मानार्थ झाडाला 'फ्रँकलिनिया' हे नाव मिळाले. १८०३ नंतर ते झाड रानात कोणालाही दिसलेले नाही. आज जगात जेथे जेथे फ्रँकलिनिया उन्हाळ्याच्या अखेरीस फुलतो, तेथील प्रत्येक झाड बार्ट्रमच्या बागेतील रोपांचे वंशज आहे. एक जात केवळ एका माळ्याने आणलेल्या बियांमुळे उरली. नाव मात्र मुत्सद्द्याचे आहे.

९/२१
याच बागेचा एक छोटा किस्सा. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात संविधान परिषद भरली होती. लहान आणि मोठ्या राज्यांना किती प्रतिनिधी द्यावेत यावर चर्चा अडली होती. १४ जुलैला शनिवारी सकाळी काही सदस्य बार्ट्रमची बाग पाहायला गेले. त्यांत जेम्स मॅडिसन आणि जॉर्ज मेसन होते. सोबतचे पाद्री मनासे कटलर यांनी रोजनिशीत नोंदवले की विल्यम बार्ट्रम त्यांना अनवाणी, आखूड बंडी घालून खुरपणी करताना भेटला. सोमवारी १६ जुलैला तडजोडीचा ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला. बागेमुळे संविधान झाले असे म्हणण्याचा मोह होतो. पण दोन घटना शेजारी आल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे ठरत नाही. एवढे मात्र खरे की देशाचा आराखडा करणारी माणसे त्या शनिवारी एका अनवाणी माळ्याकडून झाडांची नावे शिकत होती.

१०/२१
आता मधमाशीकडे येऊ. अमेरिकन बागेचे चित्र काढायला सांगितले तर लहान मूल फुलावर मधमाशी काढील. ही माशी तेथील मूळ रहिवासी नाही. डिसेंबर १६२१ मध्ये लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीने आपल्या वसाहतीला लिहिले की बी-बियाणे, फळझाडे, कबुतरे, कुत्रे यांच्यासोबत मधमाश्यांची घरेही पाठवीत आहोत. १६२२ मध्ये ती तेथे पोहोचली. आठवड्यांचा समुद्रप्रवास, बंद घरे आणि त्यांत जिवंत ठेवलेली वसाहत, अशा अवस्थेत मधमाशी अमेरिकेत उतरली.

११/२१
मग त्याआधी फुलांचे परागीभवन कोण करीत होते? अमेरिकेत आजही सुमारे ४,००० जातींच्या देशी माश्या आहेत. बहुतेक एकएकट्या राहतात, जमिनीत बीळ करतात, मध साठवत नाहीत, म्हणून माणसाच्या नजरेत भरत नाहीत. त्यांतली एक भोपळ्याची माशी. ती पराग गोळा करते तो भोपळा-वर्गाच्याच फुलांतून. पहाटे फूल उमलताच ती कामाला लागते, आणि दुपारी मिटलेल्या फुलात नर माश्या झोपलेल्या सापडतात. मेक्सिकोतील मूळ रहिवाशांनी भोपळा माणसाळवला. त्याचे पीक उत्तरेकडे सरकले तशी ही माशीही त्याच्या मागे गेली. आपल्या भाजीतला लाल भोपळा त्याच अमेरिकेतून आलेला आहे.

१२/२१
परदेशी मधमाशी मात्र माणसाच्या पुढे धावली. तिच्या वसाहती पोळे सोडून रानातल्या ढोलीत जात आणि गोऱ्यांची वस्ती पोहोचण्याआधीच पश्चिमेकडच्या जंगलात दिसत. थॉमस जेफरसन यांनी व्हर्जिनियाविषयीच्या आपल्या ग्रंथात ही गोष्ट नोंदवली आहे : मूळ रहिवासी या माशीला गोऱ्या माणसाची माशी म्हणत आणि ती दिसली की आता वस्ती जवळ आली असे समजत. एका कीटकाचे असे नामकरण दुसरीकडे क्वचित आढळेल. फुलावर माशी बसलेली पाहून कोणाला मध आठवे, तर कोणाला आपली जमीन जाणार याची चाहूल लागे.

१३/२१
जेफरसन यांच्याच घरची आणखी एक गोष्ट. मॉन्टिसेलो येथील त्यांची फुलबाग आजही पर्यटक पाहतात, आणि त्यांची बागेची वही अभ्यासक वाचतात. त्या बागेत वाफे खणणारा, रोपे सांभाळणारा प्रमुख माळी वर्मली ह्यूज हा गुलाम होता. कोणते बी कोठे पेरायचे हे मालक लिहीत आणि माती वर्मली उकरी. १८२६ मध्ये जेफरसन वारले तेव्हा त्यांची कबरही त्यानेच खणली. मृत्युपत्रात ज्या पाच गुलामांना मुक्त केले त्यांत त्याचे नाव नव्हते. त्याला मोकळीक मिळाली ती नंतर, कुटुंबाकडून, अनौपचारिकपणे.

१४/२१
मधावरून दोन प्रदेश लढायला उठल्याचीही नोंद आहे. मिसुरी राज्य आणि आयोवा प्रांत यांच्या सीमेवर सुमारे ९ मैल रुंदीचा पट्टा वादात होता. १८१६ ची मोजणी एक रेषा सांगे, १८३७ ची दुसरी. १८३९ मध्ये वादग्रस्त भागातली मधाने भरलेली काही झाडे एका मिसुरीकराने तोडली. करवसुलीला आलेल्या मिसुरीच्या शेरीफला आयोवावाल्यांनी अटक केली. डिसेंबरच्या थंडीत दोन्हीकडची सैन्ये गोळा झाली आणि न लढताच घरी गेली. या प्रसंगाला 'मधाचे युद्ध' म्हणतात. १८४९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुनी रेषा कायम केली. त्या प्रदेशात अगदी अलीकडेपर्यंत सॉक आणि मेस्क्वाकी लोक राहत होते. त्यांचा दावा त्या खटल्यात कोणाचाच विषय नव्हता.

१५/२१
ढोलीतला किंवा टोपलीतला मध काढायचा तर पोळे मोडावे लागे आणि अनेकदा माश्या धुराने मारल्या जात. यावर उत्तर सापडले ते फिलाडेल्फियात. १८५१ मध्ये लोरेन्झो लँगस्ट्रॉथ या पाद्र्याच्या ध्यानात आले की सुमारे एक सेंटिमीटर मोकळी जागा सोडली तर माश्या ती मेणाने बुजवत नाहीत, वाट म्हणून वापरतात. एवढ्या निरीक्षणावर त्यांनी काढता-घालता येणाऱ्या चौकटींची पेटी रचली आणि ५ ऑक्टोबर १८५२ ला तिचे पेटंट घेतले. युरोपातही योहान जिएरझोन यांच्यासारखे मधुपालक याच दिशेने चालले होते. लँगस्ट्रॉथ यांच्या पेटीची सर्रास नक्कल झाली आणि त्यांच्या हाती पैसा फारसा लागला नाही. महाबळेश्वरच्या परिसरात सातेरी माश्यांच्या ज्या लाकडी पेट्या दिसतात त्यांच्या मुळाशी हेच चौकटींचे आणि मोकळ्या जागेचे तत्त्व आहे.

१६/२१
पुढच्याच वर्षी मधमाशी पॅसिफिकच्या किनाऱ्यावर उतरली. क्रिस्टोफर शेल्टन यांनी पनामात १२ पोळी विकत घेतली. आगगाडी, होडी, खेचर आणि आगबोट अशा वाहनांनी ती सॅन फ्रान्सिस्कोला आणली. मार्च १८५३ मध्ये सॅन होजेजवळ पोहोचेपर्यंत एक पोळे भरेल एवढ्याच माश्या जिवंत होत्या. त्यांतून कॅलिफोर्नियाचा मधुपालन व्यवसाय वाढला. आज तेथील बदामाच्या बागा फुलतात तेव्हा देशभरातून ट्रकने मधपेट्या आणल्या जातात. व्हर्जिनियात जहाजातून उतरलेली माशी अजूनही प्रवासातच आहे.

१७/२१
आता एका शाळामास्तरांची गोष्ट. चार्ल्स हेन्री टर्नर यांचा जन्म १८६७ मध्ये सिनसिनाटीत झाला. १९०७ मध्ये शिकागो विद्यापीठाने त्यांना प्राणिशास्त्रात डॉक्टरेट दिली. ते कृष्णवर्णीय होते. अशा विद्वत्तेला साजेशी विद्यापीठीय प्रयोगशाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. सेंट लुइसच्या समनर हायस्कूलमध्ये, वर्णभेदाने वेगळ्या काढलेल्या शाळेत, ते १९०८ पासून शिकवू लागले. मोकळ्या वेळात जवळच्या ओफॅलन पार्कमध्ये रंगीत पुठ्ठ्याच्या चकत्या, शंकू आणि डबे मांडून, काहींत मध ठेवून, ते मधमाश्यांचे निरीक्षण करीत. कोणत्या रंगाच्या वस्तूत मध मिळतो हे माश्या शिकतात आणि आकार बदलला तरी त्या रंगाकडे येतात, हे त्यांनी दाखवले.

१८/२१
त्यांचा हा निबंध १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी माश्या नक्षीही ओळखतात हे त्यांनी दाखवले. रंग आणि केवळ उजळ-गडदपणा यांतला फरक करड्या कार्डांच्या साह्याने काटेकोरपणे वेगळा काढण्याचे काम पुढे कार्ल फॉन फ्रिश यांनी केले आणि १९७३ मध्ये त्यांना प्राणिवर्तनाच्या अभ्यासासाठी नोबेल मिळाले. टर्नर १९२३ मध्येच वारले होते. शाळेचे तास, वह्या तपासणे आणि मर्यादित साधने यांतून त्यांनी आयुष्यात सुमारे ७० शोधनिबंध लिहिले. फूल रंगीत का असते हा प्रश्न आज शाळेतले पोर सहज विचारते. त्याच्या उत्तरातला एक भाग शाळेतल्याच एका शिक्षकाने शोधलेला आहे.

१९/२१
कुंपणाशी उभ्या मिल्कवीडच्या तर नावातच अपमान आहे, कारण 'वीड' म्हणजे तण. आपली रुई याच कुळातली. तोच पांढरा चीक, बोंड तडकले की तशाच रेशमी म्हाताऱ्या वाऱ्यावर उडतात. १९४२ मध्ये जपानने जावा बेट घेतले आणि अमेरिकेला जीवरक्षक जाकिटांत भरायचा कापोक, म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस, मिळेनासा झाला. मिल्कवीडच्या म्हाताऱ्या पोकळ आणि मेणचट असतात, त्या पाण्यावर तरंगतात. १९४४ च्या शरद ऋतूत सरकारने शाळकरी मुलांना बोंडे गोळा करायला सांगितले. दोन पोत्यांत एक जीव वाचतो, असा प्रचार होता. वाळलेल्या बोंडांच्या पोत्याला २० सेंट मिळत. मिशिगनमधील पेटोस्की येथे त्यांवर प्रक्रिया होई. समुद्रात पडलेल्या कित्येक खलाशांच्या छातीशी कोणत्या तरी मुलाने रस्त्याकडेला खुडलेले तण होते.

२०/२१
मोनार्क फुलपाखराला याच तणाची गरज आहे. त्याच्या अळ्या मिल्कवीडखेरीज काही खात नाहीत. आपल्याकडे रुईवर अंडी घालणारे नारिंगी 'प्लेन टायगर' त्याचेच भाऊबंद. शरदात मोनार्क हजारो किलोमीटर उडून कोठे जातात हे टोरंटोचे फ्रेड आणि नोरा उर्कहार्ट दशकानुदशके शोधत होते. २ जानेवारी १९७५ ला त्यांचे साहाय्यक केन ब्रुगर आणि मिचोआकानमध्ये वाढलेल्या कॅटालिना आग्वादो यांना मेक्सिकोच्या डोंगरातले ते वृक्ष सापडले, फुलपाखरांनी फांद्या वाकलेले. १९७६ मध्ये जगाला ही बातमी शोध म्हणून कळली. डोंगरातल्या गावांना ते पूर्वीपासून ठाऊक होते. नोव्हेंबरच्या आरंभी, मृतांच्या सणाच्या सुमारास येणारी ही फुलपाखरे म्हणजे परतलेले पूर्वज, अशी तेथे श्रद्धा आहे. १९९६-९७ च्या हिवाळ्यात त्यांनी सुमारे १८ हेक्टर रान व्यापले होते, २०२३-२४ मध्ये ०.९ हेक्टर. तणनाशक सोसणारी पिके आली आणि शेतांतून मिल्कवीड नाहीसे झाले, हे त्यामागचे एक मोठे कारण मानले जाते. जंगलतोड आणि बदलते हवामान यांचाही वाटा आहे. एल रोसारिओ अभयारण्याचे रक्षक होमेरो गोमेझ गोन्झालेझ जानेवारी २०२० मध्ये बेपत्ता झाले आणि त्याच महिन्यात मृतावस्थेत सापडले.

२१/२१
त्या मेक्सिकन सणात थडग्यांवर वाहिले जाणारे केशरी फूल म्हणजे आपला झेंडू. तोही मूळ मेक्सिकोचाच. युरोपीय व्यापाराच्या वाटेने तो इकडे आला आणि दसऱ्याच्या तोरणात असा बसला की परका वाटेनासा झाला. इंग्रजीत त्याला 'आफ्रिकन मेरीगोल्ड' म्हणतात, म्हणजे येथेही नाव चुकलेलेच. न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या परसात आज झेंडू आणि मिल्कवीड शेजारी-शेजारी लावता येतात, आणि दोघांनाही ती माती परकी नाही. नावे बदलावीत असे माझे म्हणणे नाही. मोनार्डा मोनार्डाच राहील. पण फूल दाखवताना नावामागे राहिलेली माणसे आणि जीवही सांगावेत : ऑस्वेगोच्या काठचे लोक, वर्मली ह्यूज, टर्नर मास्तर, पोती भरणारी मुले, पहाटे उठणारी भोपळ्याची माशी. ज्याचे कष्ट ठाऊक नसतात ते तण म्हणून उपटले जाते, हे मिल्कवीडने दाखवले आहे. आपल्या गावात रुईला, झेंडूला, भोपळ्याच्या फुलाला काय म्हणतात आणि त्यांवर कोण येऊन बसते, ते खाली जरूर लिहावे. थ्रेड येथे पूर्ण होतो.